झाड नंबर तीन

चरईत, दुधाच्या डेअरीवर पहिला मजला.
जिना इतका अरुंद
की राक्षसांना आडवं करून उतरवावं लागतं.
पाटी अजून तीच : टिपणीस ड्रेपरी.
स्नेहसंमेलन, नाटक, फॅन्सी ड्रेस.
आणि खाली, बारीक अक्षरांत :
मिशी परत आल्याशिवाय अनामत मिळणार नाही.

आत डांबरगोळ्यांचा वास, स्पिरिटगमचा,
आणि कुणाच्या तरी घाबरलेल्या घामाचा.
धुतला तरी जात नाही, म्हणतात चारुशीलाबाई,
मखमलीला सगळं आठवतं.

पत्र्याच्या ट्रंकांवर खडूनं लिहिलेलं :
राक्षस (मोठे). राक्षस (बालवाडी).
भाजी.
भाजीत वांगी चार, टोमॅटो दोन, दुधी एक.
दुधी व्हायला कुणी तयार होत नाही,
म्हणून तो अजून नवाकोरा.
सिंहासन एकच. त्यावर
उथळसर, कोपरी, चेंदणी, सगळीकडचे राजे बसून गेलेत,
एका रविवारी तर तीन,
त्यातला तिसरा भर दरबारात झोपला.

ठाणं म्हणजे तलाव, असं लोक सांगतात,
आणि आकडा प्रत्येकाचा वेगळा.
मी म्हणतो, ठाणं म्हणजे
एकाच मिशीतून मोठी झालेली माणसं.
गोखले रोडवरचा दातांचा डॉक्टर त्या मिशीत होता,
बँकेतल्या सबनीसबाई होत्या,
माझा मेव्हणाही होता, आणि शिंकला.

मी पाकिटातून पान काढून पुढे केलं.
हिरवं सॅटिन, कडेला पिवळी शिलाई,
बोटाएवढं.
नौपाड्यातली आमची इमारत पाडायला गेली,
सामान आवरताना बटणांच्या डब्यात सापडलं.

बाईंनी चष्मा नाकावर घेतला.
"साल?"
एवढंच विचारलं.
चौथीत होतो. म्हणजे ब्याऐंशी. जानेवारी.

लाल कापडी वह्या, सासऱ्यांचं अक्षर,
मोडीची सवय न सुटलेलं :
झाडे, नग सहा. परत सहा.
क्र. ३, पान एक कमी. कापले रु. २.

मला वाक्य नव्हतं.
दोन अंक नुसतं उभं राहायचं होतं.
दुसऱ्या अंकात वारा येणार होता,
आणि वारा झालेला यशवंत नाखवा
इतका खरा आला
की पान तुटून पायाशी पडलं.
मी वाकलो नाही.
झाड वाकत नसतं, असं आमच्या बाईंनी बजावलं होतं.
नाक खाजत होतं तरी नाही.
पडदा पडल्यावर उचललं, मुठीत धरलं,
आणि वडिलांनी दोन रुपये भरले तेव्हाही
मूठ उघडली नाही.

हे सगळं मी सांगितलं नाही.
तोवर एक बाई मुलाला घेऊन आली होती.
मोबाइलवर तीनशेला अख्खा ड्रेस मिळतो, घरपोच,
तुमचं भाडंच पाचशे?
चारुशीलाबाई काही बोलल्या नाहीत.
गुडघ्यांवर बसल्या, ओठांत टाचण्या धरून
त्या पोराला धोतर नेसवायला लागल्या.
पोरगं आरशात बघत राहिलं,
मग त्याची मान हळूच ताठ झाली.
आईनं पर्स उघडली.

"हे आता शिवता?" मी विचारलं.
"झाडं कुठायत? सहाच्या सहा गेलीत घोडबंदरला.
तिथल्या शाळेत उद्या जंगल आहे."
घोडबंदरला. जंगल. मला हसू आलं,
त्यांना नाही.
त्यांनी पान वहीत, ब्याऐंशीच्या ओळीवर,
टाचणीनं अडकवलं.
गल्ल्यातून दोन रुपयांचं नाणं काढून
माझ्यासमोर ठेवलं,
आणि मी नको म्हणताच असं बघितलं
की मुकाट खिशात टाकलं.

जिन्यात एक पाय असताना वरून हाक आली :
"शुक्रवारी या. झाडं शुक्रवारी परत येतात.
आणि माझ्याच्यानं सुई ओवली जात नाही हल्ली.
टाका घालता येतो ना तुम्हाला?"